डिमीटरची ओटी

आमची निवेदिता भंगलेल्या देवांच्या घरात नोकरी करत होती. हे माझं म्हणणं नाही, माझ्या बायकोचं, लीलावतीचं. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथल्या एका जुन्या बंगल्यात ग्रीक मूर्ती आणि भांडी मांडलेलं लहानसं म्युझियम होतं. बंगल्याचा मूळ मालक आरमारातला साहेब. ग्रीसच्या बेटांवर गलबत लागेल तिथून हाताला येईल ते त्याने उचलून आणलं, आणि पुढे त्याच्या वारसांनी त्याला तिकीट लावलं. आपल्याकडे अशा उचलण्याला दुसरा शब्द आहे, पण लेक तिथं कामाला असल्यामुळे मी तो तोंडातून काढत नसे.

तसा यात माझाही हात आहे. निवू लहान असताना कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये तिला मीच नेत असे. तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती आहे, वीतभर उंच. "बाबा, हा इथं कसा आला?" तिने विचारलं. "जहाजातून," मी म्हटलं. "म्हणजे मलाही तिकडे जाता येईल," ती म्हणाली. मी हसलो. पोरीने ते खरं करून दाखवलं. पुण्यात पुरातत्त्व शिकली, मग इंग्लंडात शिकली आणि या बेटावर येऊन नोकरीला लागली.

पण नोकरी तात्पुरती होती. उन्हाळा संपला की करार संपणार. म्युझियमच्या प्रमुख मिसेस फेनविक यांनी तिला कायम करून वर्क परमिटचा अर्ज केला तर ती राहणार, नाहीतर बॅग भरून कोल्हापूर. दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा हा निकाल लागायचा होता. फोनवर ती याबद्दल एक शब्द बोलत नसे, पण तिच्या आईला गप्प बसणंही ऐकू येतं.

आधी काही दिवस आम्ही लंडनमध्ये स्टॅनमोरला पुतण्या मिलिंदकडे काढले. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर मेथीच्या जुड्या निवडताना लीलावती म्हणाली, "अहो, एवढ्यासाठी विमानात बसलो होय? हा तर आपला महाद्वार रोड." मग पोर्ट्समथपर्यंत रेल्वे, तिथून बोट आणि बेटावर पुन्हा रेल्वे. या रेल्वेला लंडनने पेन्शनीत काढलेले भुयारी रेल्वेचे जुने डबे जोडले होते. मीही पाटबंधारे खात्यातून पेन्शनीत निघालेला असल्यामुळे मला ते डबे एकदम घरचे वाटले.

रविवारी निवू आम्हाला म्युझियम दाखवायला घेऊन गेली. निघण्यापूर्वी तिने आईकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. लीलावतीने ठेवणीतली इरकली नेसली होती, वर मिलिंदच्या बायकोचा स्वेटर, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज.

"आई, पंजाबी ड्रेस आणलायस ना? तो घाल ना."

"देवाच्या घरी जायचंय ना? मग साडीच."

"ते म्युझियम आहे."

"अगं, पण आत देवच आहेत ना?"

निवू माझ्याकडे बघायला लागली. मी बुटाची नाडी बांधत राहिलो. तिची अडचण मला कळत होती, कारण खरं सांगायचं तर ते शूज मलाही खटकत होते.

दारातच मिसेस फेनविक भेटल्या. उंच, सडपातळ, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी फार प्रेमाने स्वागत केलं. लीलावतीने हात जोडले आणि पिशवीतून चिवड्याचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. निवू घाईघाईने इंग्रजीत काहीतरी बोलली आणि ओशाळं हसली. ती म्हणाली होती, "सॉरी, माझी आई जरा जुन्या वळणाची आहे." चिवडा देण्यात माफी मागण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. लीलावतीने मला विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "आईने स्वतः केलाय, म्हणाली."

आत एकेक मूर्ती बघत आम्ही निघालो. कुणाला नाक नाही, कुणाला हात नाहीत, एकाचं तर नुसतं धडच. निवू समजावत होती आणि तिची आई हळहळत होती. "खंडित मूर्ती अशा घरात ठेवत नाहीत गं. वाहत्या पाण्यात सोडतात."

"आई, हळू बोल ना."

"मराठीत तर बोलतेय. कुणाला कळणार आहे?"

"म्हणूनच."

शेवटच्या दालनात एक बसलेली देवी होती. संगमरवरी, माणसाएवढी. एक हात कोपरापासून गेलेला, चेहरा झिजलेला, पण मांडीवरच्या वस्त्राच्या चुण्या अशा की आत्ताच सावरून बसली असावी. निवू म्हणाली, ही डिमीटर. धान्याची देवी. हिच्या मुलीला पाताळाच्या राजाने पळवून नेलं. ही सगळीकडे शोधत फिरली, आणि मुलगी मिळेपर्यंत हिने जमिनीतून एक दाणा उगवू दिला नाही. शेवटी तडजोड झाली. मुलीने निम्मं वर्ष आईकडे राहायचं, निम्मं तिकडे.

"निम्मं तरी," लीलावती म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

तिचे गुडघे दुखतात. दालनात डेरेक नावाचे एक गृहस्थ देखरेखीला असत. बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, पगार न घेता इथं येऊन बसायचे. निवूने आम्हाला सांगितलं होतं, की सोमवारी म्युझियम बंद असतं तर त्यांना सोमवार खायला उठतो. निवू आणि मी खाली पोस्टकार्ड घ्यायला गेलो तेव्हा लीलावती देवीपाशी होती आणि डेरेक तिच्याकडे बघून खुणेने विचारत होते, खुर्ची आणू का? परत आलो तेव्हा ती खुर्चीवर बसली होती, डेरेक शेजारी उभे होते, आणि दोघं आपापल्या भाषेत हवेबद्दल बोलत होते. तिचा चेहरा इतका प्रसन्न होता की मी म्हटलं, चला, भंगलेल्या देवांशी हिचा समेट झाला.

मंगळवारी दुपारी निवू अवेळी घरी आली. दार लावलं, कोट न काढताच आईसमोर उभी राहिली.

"आई, रविवारी तू त्या देवीला काही लावलंस?"

लीलावती मेथी निवडत होती. तिने हात पुसले आणि लाजून हसली. "नवस बोलून दाखवू नये म्हणून सांगितलं नाही. ओटी भरली तिची. खण-नारळ नव्हता जवळ, पण हळदीकुंकू पर्समध्ये असतंच, आणि तांदळाची पुडी आणली होती. म्हटलं, बाई, तुझी लेक तुला निम्मं वर्ष मिळाली. माझी इथं राहू दे, सुखात राहू दे. तिचं काम कायम कर, तुला साडीचोळी नेसवीन."

"हळद तशीच कोरडी लावलीस?"

"कोरडी कशी टिकेल? पाण्याचं बोट लावून."

निवू खाली बसली. मग जे सांगितलं ते असं. सकाळी साफसफाईच्या वेळी देवीच्या पायावर पिवळे-लाल डाग आणि मांडीवरच्या चुण्यांत तांदूळ सापडले. संगमरवर पाणी पितो, त्याबरोबर रंगही पितो. हळद बहुधा निघेल, कुंकवाचं सांगता येत नाही. रविवारी दुपारी शाळकरी मुलांची एक टोळी येऊन गेली होती, सगळ्यांना वाटतंय मुलांचा खोडसाळपणा. डेरेकना विचारलं तर ते म्हणाले, मी मिनिटभर दालनातून बाहेर गेलो होतो. का गेलो होतो, ते सांगितलं नाही. मिसेस फेनविक म्हणाल्या, तुम्ही आता घरीच थांबलेलं बरं.

"आणि तुला विचारलं?" मी म्हटलं.

"हो." ती जमिनीकडे बघत होती. "मिसेस फेनविकनी डाग पुसलेला कापसाचा बोळा माझ्यासमोर धरला. म्हणाल्या, निवेदिता, हे काय असेल, तुला ओळखता येतं का? मी म्हटलं, नाही."

हळद ओळखता येत नाही, असं कोल्हापूरची मुलगी म्हणाली होती.

"मी काय करणार होते?" तिचा आवाज चढला. "याच महिन्यात त्या माझं ठरवणार आहेत. कन्झर्व्हेशनचं काम करणाऱ्या मुलीच्या आईने दोन हजार वर्षांच्या मार्बलला कुंकू लावलं, हे कळलं तर मला ठेवतील? अगं आई, तुला एवढंसुद्धा कसं कळत नाही? मला इतकी लाज वाटतेय."

"माझी वाटते, की मी केलं त्याची?" लीलावतीने विचारलं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

निवू कोटाची बटणं लावायला लागली. तेवढ्याने उत्तर मिळालं.

"कुणालाही काही सांगायचं नाही," ती उठत म्हणाली. "बाबा, प्लीज. डाग निघाले की सगळे विसरतील. डेरेकना मी नंतर परत बोलावून घेईन." आणि ती कामावर परत गेली.

पोरीचं सगळं आयुष्य त्या एका निर्णयावर टांगलेलं, त्यात मी कुठे शहाणपणा शिकवू? शिवाय सकाळपासून म्युझियमच्या दुकानातून आणलेल्या पोस्टकार्डांवर मी कोल्हापूरच्या मित्रांचे पत्ते घालत होतो, 'मुलीच्या म्युझियममधून' असं ऐटीत लिहून. ती पोस्टकार्डं मी पालथी घातली.

लीलावती त्या दिवशी जेवली नाही. मला वाटलं लेकीच्या शब्दांनी दुखावली असेल. तेही होतंच. पण रात्री अंथरूण घालताना ती म्हणाली, "अहो, ते डेरेक आता घरी काय करत असतील?"

"टीव्ही बघत असतील."

"माझ्यासाठी खुर्ची आणायला गेले होते ते. आणि सांगितलंसुद्धा नाही कुणाला. का नाही सांगितलं?"

मला उत्तर माहीत होतं, तिलाही माहीत होतं. त्या माणसाने सगळं ओळखलं होतं. पाहुणी बाई, तिच्या कपाळावर तेच कुंकू. त्याने परक्याच्या लेकीची नोकरी राखली, आणि लेकीने त्याला घरी बसू दिलं.

बुधवारी सकाळी निवू कामावर गेल्यावर लीलावतीने तीच इरकली नेसली, तेच शूज घातले. "फिरून येऊ," म्हणाली. समुद्राकाठच्या रस्त्याने निघालो आणि ती चढणीकडे वळली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "अगं, विचार कर. निवूचं काय होईल?" ती म्हणाली, "निवूचंच बघायचंय." गुडघे धरून थांबत थांबत ती चढली, पण हात द्यायला गेलो तर दिला नाही.

म्युझियममध्ये मिसेस फेनविकच्या खोलीत डेरेक उभे होते. त्यांनी दालनाची किल्ली आणि छातीवरचा बिल्ला परत करायला आणला होता. टेबलाशी निवू काहीतरी लिहून घेत होती. आम्हाला दारात बघून तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"निवू," तिची आई म्हणाली, "मी बोलते, तू इंग्रजीत सांग त्यांना. एकेक वाक्य सांग. गाळू नको काही."

"आई, इथं नको."

"सांग."

मिसेस फेनविक चष्मा डोळ्यांवर चढवून वाट बघत होत्या. निवू उठून उभी राहिली.

लीलावतीने पर्समधून स्टीलचा करंडा काढून टेबलावर ठेवला. "देवीला हळदीकुंकू मी लावलं. तांदूळ मी ठेवले. शाळेच्या मुलांनी नाही."

निवूने इंग्रजीत सांगितलं. आवाज बारीक होता, पण सांगितलं.

"हे गृहस्थ माझ्यासाठी खुर्ची आणायला गेले होते. यांची काही चूक नाही. यांना परत कामावर घ्या."

निवूने सांगितलं. डेरेक खिडकीबाहेर बघायला लागले.

"आमच्याकडे देवीची ओटी भरतात. तो मान असतो, घाण नसते. पण दुसऱ्याच्या घरी विचारून करायला हवं होतं. मी विचारलं नाही, ती माझी चूक. त्याबद्दल मी माफी मागते."

हेही निवूने नीट सांगितलं. मिसेस फेनविकचा चेहरा मऊ झाला होता. मला वाटलं संपलं. पण लीलावती अजून उभी होती. तिने लेकीकडे पाहिलं आणि सावकाश, शाळेत शुद्धलेखन घालावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "माझ्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला आत्ता, इथं कळतंय."

आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात ती खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आणि हे खोटं तिने इंग्रजीत न्यायला लेकीच्याच हातात दिलं होतं.

निवू थांबली. मी तिच्याकडे बघत होतो. डेरेकही आता तिच्याकडे बघत होते. मिसेस फेनविक म्हणाल्या, "काय म्हणाल्या त्या?"

निवूने सांगितलं. अडखळली नाही. अगदी स्वच्छ इंग्रजीत, व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नाही असं, तिने सांगितलं की माझ्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला हे आत्ताच कळतंय. मला इंग्रजी येतं याचं आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

मिसेस फेनविक उठल्या आणि त्यांनी निवूच्या खांद्यावर हात ठेवला. "बिचारी मुलगी," त्या म्हणाल्या, "तुला किती अवघडल्यासारखं झालं असेल." मग लीलावतीकडे वळून, मोठ्या आवाजात, सावकाश, त्या थँक यू म्हणाल्या, जसं बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. त्यांचा हेतू चांगला होता. लीलावतीने हात जोडले. मी टेबलावरच्या त्या करंड्याकडे बघत राहिलो.

करंडा त्यांनी ठेवून घेतला. रंग कशाचा आहे ते तपासायला लागेल, म्हणाल्या. प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर नंबर लावला. लीलावतीला लग्नात तिच्या आईने दिलेला करंडा होता तो, आता ग्रीक देवांच्या घरात जमा झाला.

डेरेकनी किल्ली परत खिशात टाकली आणि आम्हाला दारापर्यंत पोचवायला आले. पायरीवर त्यांनी लीलावतीला हात दिला. मला दिला नव्हता तो हात तिने त्यांना दिला. निवूही मागे उभी होती. डेरेकनी तिला फक्त मान लववून नमस्कार केला आणि आत गेले. तिने ओठ हलवले, पण तोवर दार लागलं होतं.

आमचा निघायचा दिवस पुढच्या आठवड्यातला. पोरीने त्या दिवसांत आमचं फार केलं. आईचे गुडघे चेपले, रोज गरम पोळ्या केल्या, बागा दाखवल्या. त्या सकाळबद्दल कुणीच बोललं नाही. एकदा ती आईजवळ बसून "आई" एवढंच म्हणाली, आणि मग, "चहा करू?" लीलावती म्हणाली, "कर."

निघताना ती आम्हाला राइडच्या धक्क्यावर सोडायला आली. लांबच लांब लाकडी धक्का, वारा असा की पदर सावरता सावरेना. बोट लागायची होती. घरून निघताना ती आईला कुंकू लावणार होती, पण करंडा नव्हता, म्हणून ते तसंच राहिलं होतं.

"एक सांगायचं होतं," निवू म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता आणि तो दाखवायची तिला चोरी वाटत होती. "काल मिसेस फेनविकनी बोलावलं होतं. मला कायम करतायत. वर्क परमिटचा अर्ज या आठवड्यात जाईल. म्हणाल्या, तू ज्या धीराने तो प्रसंग निभावलास, त्यावरून आमची खात्री पटली."

मी समुद्राकडे बघितलं. काहीतरी म्हणायला हवं होतं म्हणून "छान झालं" म्हटलं.

लीलावतीने लेकीच्या चेहऱ्यावर आलेले केस मागे सारले. "झालं ना तुझ्या मनासारखं? मग त्या देवीला साडीचोळी नेसवायची राहिली. पण आता तिला कुणी हात लावू द्यायचे नाहीत. साडीचोळी माझ्या नावाने समुद्रात सोड."

"सोडेन, आई."

"निवू, त्या दिवशी मी जे बोलले ते सगळं सांगितलंस ना त्यांना? मला त्यातलं काही कळत नव्हतं."

निवूला वाटलं असावं की आईला आपल्या माफीची काळजी आहे. तिने आईचे दोन्ही हात धरले. "हो आई. शब्द न् शब्द सांगितला."

लीलावतीने मान हलवली. बोट धक्क्याला लागली होती आणि लोक बॅगा उचलत होते. निवू पाया पडायला वाकली, तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून तिची आई म्हणाली,

"मला वाटलं होतं, शेवटचं एक वाक्य तू गाळशील."